बरणीतली लाल पाठीची पाहुणी

दोस्तांनो, 'विधवा कोळी' हे नाव ऐकलंय? मादी कधीकधी मीलनानंतर नरालाच खाऊन टाकते, म्हणून हे नाव! ऑस्ट्रेलियातला रेडबॅक हा याच कुळातला. मादी जेमतेम १ सेंटिमीटरची, काळीभोर, पाठीवर लाल पट्टा. ती चावली तर भयंकर वेदना होतात, दरदरून घाम फुटतो. त्यावरचं औषध १९५६ साली आलं.

अभ्यासासाठी ही मादी पाळतात, ती कशी? तिला ऐसपैस जागा लागत नाही. जाळं विणून ती तिथेच लटकून राहते. छोटी बरणी आणि जाळ्यासाठी एखादी काडी पुरते. खायला अधूनमधून एखादा रातकिडा. पण हात आत घालायचा नाही, लांब चिमटाच वापरायचा. झाकण घट्ट हवं आणि बरणीवर नाव ठळक हवं.

खरी मेख पुढेच आहे! एकदा मीलन झालं की मादी नंतर एकटी असली तरी पुन्हा पुन्हा अंडी घालते. एका पिशवीत सुमारे २५० अंडी! इवलीशी पिल्लं बारीक भोकांतूनही निसटतात आणि धाग्यावर तरंगत वाऱ्याबरोबर दूर जातात. म्हणून अंड्यांच्या पिशवीवर सतत नजर ठेवावी लागते.

निसटली तर काय होईल? जपान पाहा. तिथे हा कोळी मूळचा नव्हे. १९९५ साली तो ओसाकात सापडला. बहुधा जहाजातल्या मालाबरोबर आला असावा. आज तो जपानच्या बऱ्याच भागांत पसरलाय.

तेव्हा, असा कोळी पाळणं हे जाणकारांचंच काम, बरं का! तुम्ही आपले घरच्या कोपऱ्यातले कोळी भिंगातून न्याहाळा, तेही हात न लावता.