गाणी ‘दाहिने सज’ : संग्रहातला आवाज एका पातळीवर कसा आणावा

दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला गेलो की माझे एक काम ठरलेले असते. सदर बाजारात सराफी दुकानांच्या ओळीत, वरच्या मजल्यावर आमचे जुने घर आहे. बाबा ८१ वर्षांचे आहेत. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून ते दिवसभर काहीतरी ऐकत असतात : अभंग, नाट्यगीते, जुने चित्रपट, नातवंडांच्या मुंजीचे व्हिडिओ. दोन हजारांच्या वर फाइली आहेत, आणि एकीचा आवाज दुसरीशी जुळत नाही. कॅसेटवरून उतरवलेला अभंग इतका बारीक लागतो की बाबा आवाज ४० वर नेतात. तो संपून पुढचे सिनेमाचे गाणे सुरू झाले की खालच्या दुकानातला माणूस मान वर करून बघतो. बाबा दचकून कानातले यंत्र काढून ठेवतात आणि मग तासभर कोणाचेच बोलणे त्यांना ऐकू येत नाही.

आपल्या शाळेच्या सभागृहातही हेच होते. श्रद्धांजलीची फिल्म लावली तर मागच्या रांगेला निवेदन ऐकू येत नाही, आणि लगेच बँडचे रेकॉर्डिंग लागले की पहिल्या रांगेतले पालक कानावर हात ठेवतात. यंत्राजवळ बसलेला कॅडेट बिचारा बटणाशी झुंजत असतो. दोष त्याचा नाही, फाइलींचा आहे. मी सिग्नल्समध्ये नोकरी केली, जबलपूरच्या केंद्रात प्रशिक्षण घेतले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. तो सोडवताना माझ्या हातून एक नुकसानही झाले, तेही सांगणार आहे.

आधी कारण समजून घ्या. डिजिटल फाइलमध्ये आवाजाला एक छत असते. त्या छताला शून्य डेसिबल म्हणतात आणि त्याखालचे सगळे आकडे उणे असतात. छताच्या वर काही मावत नाही. नेऊ गेलात तर लहरीचे डोके सपाट कापले जाते आणि आवाज फाटतो. त्यामुळे पुष्कळांना वाटते की प्रत्येक फाइलचा सर्वांत मोठा क्षण छताला टेकवला की सगळ्या सारख्या होतील. सुरुवातीला मीही तसेच केले. काही उपयोग झाला नाही.

का झाला नाही, ते परेडवरून कळेल. ‘लंबा दाहिने, छोटा बायें’ झाल्यावर उजव्या टोकाला एकच सहा फुटी कॅडेट आहे आणि बाकी सगळे पाच फुटी, असे एक पथक समजा. दुसऱ्या पथकात सगळेच सहा फुटी. सर्वांत उंच माणूस मोजला तर दोन्ही पथके सारखी, पण लांबून बघणाऱ्याला दुसरे पथक कितीतरी उंच दिसते. कानाचेही तसेच आहे. भाषणाच्या रेकॉर्डिंगमध्ये एकदा दार आपटले की तो एक क्षण छताला टेकतो आणि बोलणारा बिचारा खालीच राहतो. सिनेमाच्या नव्या गाण्यात मात्र प्रत्येक ठोका छताला टेकलेला असतो. शिखर दोघांचेही एकच, पण कानाला ऐकू येणाऱ्या मोठेपणात १५-२० डेसिबलचा फरक. आणि साधारण १० डेसिबल वाढले की माणसाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात घ्या.

म्हणजे मोजायचे ते शिखर नव्हे, कानाला वाटणारा मोठेपणा. हे मोजणे सोपे नाही, कारण कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ साली दाखवून दिले की तेवढ्याच जोराचा खर्जातला सूर आपल्याला बारीक वाटतो आणि मधल्या पट्टीतला, माणसाच्या बोलण्याच्या आसपासचा सूर मोठा वाटतो. पुढे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मोजणीची एक पद्धत ठरवून दिली. तिच्यात खर्जाला कमी वजन, वरच्या सुरांना थोडे जास्त. नंतर तिच्यात एक शहाणपणाची भर पडली : आवाजाचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा मोजायचा आणि शांततेचे व फार बारीक तुकडे हिशेबातून वगळायचे. नाहीतर दोन वाक्यांत लांब थांबणाऱ्या वक्त्याची सरासरी उगाच खाली येते. या मोजणीच्या एककाला ‘लफ्स’ म्हणतात. एक लफ्सचा फरक म्हणजे एक डेसिबलचा फरक, एवढे माहीत असले की पुरे.

युरोपातल्या प्रसारण संघाने ऑगस्ट २०१० मध्ये ठरवले की कार्यक्रम उणे २३ लफ्सवर असावेत. त्याच वर्षी अमेरिकेत टीव्हीवरच्या जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या आवाजात लावू नयेत असा कायदाच झाला. जाहिरात लागली की रिमोट शोधण्याची धावपळ तिकडेही होती तर! गाण्यांच्या दुनियेत मात्र उलटी शर्यत लागली होती. आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाटावे म्हणून ध्वनिमुद्रण करणारे बारीक जागा वर ओढत, मोठ्या जागा दाबत गेले. १९८० च्या दशकातली सीडी आणि २००० नंतरची सीडी एकामागून एक लावून बघा, लगेच कळेल. मेटॅलिका या बँडच्या २००८ सालच्या अल्बमवर तर खुद्द चाहत्यांनीच ‘आवाज दाबून फाडलाय’ म्हणून तक्रार केली. आता स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या ठिकाणी मोठी गाणी आपोआप सुमारे उणे १४ वर उतरवली जातात, त्यामुळे त्या शर्यतीतला अर्थ बराचसा गेला आहे. पण आपल्या पेन ड्राइव्हवर पहारा ठेवायला कोणी नाही. ते काम आपणच करायचे.

त्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक नीट समजावून घ्या, कारण माझी चूक नेमकी इथेच झाली.

पहिला मार्ग ‘दाहिने सज’ सारखा. सज लावताना कोणाची उंची बदलत नाही, प्रत्येक जण फक्त थोडा पुढे-मागे सरकतो. तशी अख्खी फाइल जशीच्या तशी वर किंवा खाली सरकवायची. बारीक जागा बारीकच राहते, मोठी मोठीच. दुसरा मार्ग कंप्रेसरचा. तो उंचांची डोकी दाबतो आणि बुटक्यांना टाचा उंचावायला लावतो. रात्री सगळे झोपले असताना सिनेमा बघायचा असेल तर तो कामाचा आहे, पण तो ऐकण्यापुरता वापरावा. फाइलवर कायमचा वापरू नये.

पहिल्या मार्गासाठी २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रिप्लेगेन’ नावाची युक्ती मांडली. प्रोग्रॅम प्रत्येक गाणे मोजतो आणि ‘हे वाजवताना ९ डेसिबल कमी कर’ अशी चिठ्ठी फाइलच्या टॅगमध्ये लिहून ठेवतो. मूळ आवाजाला हातच लागत नाही. फूबार किंवा व्हीएलसीसारखा प्लेअर ती चिठ्ठी वाचू शकतो. व्हीएलसीमध्ये ती सोय ऑडिओच्या सेटिंगमध्ये आपण स्वतः चालू करावी लागते. अडचण अशी की घरचा टीव्ही, गाडीतला प्लेअर आणि फोनमधली बरीच साधी अ‍ॅप ती चिठ्ठी वाचतच नाहीत. बाबांच्या टीव्हीनेही वाचली नाही.

तिथे ‘एमपी३गेन’ हा फुकट मिळणारा जुना प्रोग्रॅम कामाला आला. एमपी३ फाइल छोट्या छोट्या चौकटींची बनलेली असते आणि प्रत्येक चौकटीत आवाजाच्या पातळीचा एक आकडा असतो. हा प्रोग्रॅम तेवढाच आकडा बदलतो, दर पायरी दीड डेसिबलची. गाणे पुन्हा गाळून काढावे लागत नाही, दर्जा घसरत नाही, आणि किती पायऱ्या हलवल्या ते टॅगमध्ये नोंदलेले असल्यामुळे सगळे परत पूर्ववत करता येते. टीव्हीला चिठ्ठी वाचायची गरजच उरत नाही.

आता पातळी कोणती धरायची? हिशेब करून बघू. सिनेमाचे गाणे उणे ९ लफ्सवर आहे, कॅसेटचा अभंग उणे २७ वर. दोघांना उणे १८ वर आणायचे म्हटले तर गाणे ९ ने खाली, अभंग ९ ने वर. पण अभंगात एका ठिकाणी झांज उणे ४ पर्यंत पोचते. ९ ने वर नेली तर ती छताच्या ५ डेसिबल वर जाईल, म्हणजे फाटेल. छताखाली एक डेसिबल मोकळे सोडले तर अभंग फक्त ३ ने वाढवता येतो. म्हणून सगळ्यांची पातळी उणे २४ ठरवायची. अभंग ३ ने वर, गाणे १५ ने खाली. मग सगळेच बारीक लागेल, लागू द्या. टीव्हीचा आवाज एकदाच वाढवायचा आणि नंतर रिमोटला हात लावायचा नाही. अशक्ताला ओढण्यापेक्षा दांडग्याला बसवणे सोपे, हे माझ्या लक्षात यायला दोन सुट्ट्या गेल्या.

अल्बमची गोष्ट वेगळी. गीतरामायणाची ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. असा संच घरी असेल तर प्रत्येक गीत वेगळे मोजून एका पातळीवर आणू नका. शोकाचे गीत हळू आणि युद्धाचे गीत चढे, हे गायक-संगीतकारांनी मुद्दाम केलेले असते. अशा वेळी ‘अल्बम गेन’ निवडायचे. संपूर्ण संच एकच एकक धरून सरकतो आणि आतले चढउतार जसेच्या तसे राहतात. नाटकाच्या अंकांनाही हेच लागू.

व्हिडिओचे काम जरा किचकट आहे, पण घाबरण्यासारखे नाही. एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘लाउडनॉर्म’ ही गाळणी असते. ती दोन फेऱ्यांत चालवावी : पहिल्या फेरीत फक्त मोजणी, दुसरीत त्या मोजणीवरून बदल. एकाच फेरीत उरकले तर पुढे काय येणार ते तिला ठाऊक नसते, त्यामुळे वाटेत आवाज वरखाली होत राहतो. चित्र जसेच्या तसे उतरवून घ्या अशी सूचना द्यायला विसरू नका, नाहीतर संगणक तासन्‌तास चित्र पुन्हा बनवत बसेल. इंग्रजी युद्धपटांत संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट मात्र भिंती हलवतात, हे दुखणे निराळे. तिथे संवाद मधल्या स्पीकरसाठी मुद्रित केलेले असतात आणि आपल्या टीव्हीला दोनच स्पीकर असतात. सबंध फाइल सरकवून ते बरे होत नाही.

आता माझी चूक. १९९३ मध्ये माझी पहिली पोस्टिंग पूर्वेकडे, डोंगरात होती. घरी फोन नव्हता. आईला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून ती कॅसेटवर बोलून पाठवायची. एक बाजू ३० मिनिटांची. रेकॉर्डर साधा होता. त्यात आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असायची. आई बोलत असे तेव्हा बाकी सगळे दबलेले, आणि ती थांबली की मागचा सदर बाजार हळूहळू वर यायचा : खालच्या कारागिराची हातोडी, रिक्षांच्या घंटा, बाबांचे खोकणे. मग ती ‘तर काय सांगत होते’ म्हणाली की बाजार पुन्हा मागे सरायचा.

ती गेल्यावर मी ती कॅसेट संगणकात उतरवली. आवाज बारीक होता. मी उत्साहाने आधी खरखर काढणारी गाळणी चालवली, मग कंप्रेसर, आणि त्याच नावाने फाइल सेव्ह केली. ऐकले तर आईचा आवाज डब्यातून आल्यासारखा, श्वासाची जागा गिळलेली, आणि विरामात उरलीसुरली खरखर समुद्रासारखी उसळणारी. हातोडीचा पत्ता नाही. खरखर समजून प्रोग्रॅमने तीच पुसून टाकली होती. पुन्हा उतरवायला कॅसेट काढली तर बुरशी धरलेली फीत यंत्रात तुटली.

बिलासपूरच्या बहिणीकडे एका सीडीवर दुसरी बाजू निघाली, पहिली नाही. तेव्हापासून मूळ फाइली एका वेगळ्या डिस्कवर ‘फक्त वाचा’ असे कुलूप लावून ठेवतो आणि काम नकलेवर करतो. शाळेच्या संगणकावरही आता तसाच फोल्डर आहे. कॅडेटांनी त्यात हात घालू नये, ही विनंती नव्हे, हुकूम समजावा.

एक गोष्ट पालकांसाठी. फाइली समान नसल्या की मुले सर्वांत बारीक गाण्यासाठी इअरफोनचा आवाज चढवतात आणि तो चढलेलाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल तेवढेच तास अशी मर्यादा धरली आहे. आमच्या कॅडेटांच्या कानांना रेंजवर रायफलीचे १४० डेसिबलच्या वरचे धक्के बसायचेच आहेत. तिथे कानात बोळे घालतातच. खोलीतल्या इअरफोनकडे मात्र कोणी बघत नाही.

यंदाच्या दिवाळीत बाबांच्या पेन ड्राइव्हवर २,१०० फाइली उणे २४ वर बसवल्या. आईची उरलेली बाजूही त्यातच ठेवली, फक्त साडेचार डेसिबल वर, बाकी काही न करता. दुपारी एका नाट्यगीतानंतर ती आपसूक लागली. बाबा खुर्चीत होते, यंत्र कानात होते, रिमोट बाजूला पडला होता. विराम आला, हातोडी वर आली. बाबा म्हणाले, “हा खालचा नाही. खालच्याने तर मशीन आणलंय.”