रुखई : झाडावरील निरुपद्रवी सापाची ओळख

नेवासा तालुक्यात प्रवरेच्या काठी आणि मुळा कालव्याच्या भिजवणीखालील ऊसमळ्यांत बांधावर कडुलिंब, बाभूळ, चिंच अशी झाडे असतात. त्यांच्या फांद्यांवरून सरसर धावणारा एक सडपातळ, तपकिरी साप कित्येकांच्या पाहण्यात येतो. हा रुखई होय. ‘रूख’ म्हणजे झाड. त्यावरून हे नाव पडले. झाडावरचा साप टाळूवर झेप घेऊन दंश करतो, या समजुतीने तो दिसताच काठी उगारली जाते. वस्तुतः हा साप बिनविषारी आहे.

ओळखीच्या खुणा

रुखई साधारणपणे ३ ते ४ फूट लांब असून अंगाने चाबकासारखा बारीक असतो. मानेपासून शेपटीकडे पाठीच्या मधोमध काशाच्या रंगाचा पट्टा जातो व दोन्ही कुशींना फिकट पिवळसर रेघ असते. डोके मानेहून किंचित रुंद, डोळे मोठे व शेपटी फार लांब असते. डिवचल्यास तो मान फुगवितो. त्या वेळी खवल्यांमधील निळा रंग उघडा पडतो. ही त्याची विशेष खूण होय. पोटाच्या खवल्यांना दोन्ही बाजूंस कंगोरे असल्याने तो खडबडीत सालीवर सहज चढतो.

एका खुणेवर विसंबू नये

डोळ्याची बाहुली गोल असली की साप बिनविषारी, असे काही जण सांगतात. ते खरे नाही. नाग व मण्यार यांचीही बाहुली गोलच असते. तसेच झाडावर दिसला म्हणून साप निरुपद्रवी ठरत नाही. फुरसे झुडपावर चढते आणि नागही झाडावर जातो. म्हणून सर्व खुणा जुळल्याखेरीज निर्णय करू नये. शंका असल्यास दूर राहावे.

आहार व उपयोग

रुखई दिवसा वावरतो. पाली, सरडे, बेडूक व क्वचित लहान पाखरे हे त्याचे भक्ष्य होय. उंदीर मारण्याचे काम मुख्यतः धामण करते. ते श्रेय रुखईस देता येणार नाही. तथापि त्याला मारून शेतकऱ्याचा कोणताच लाभ होत नाही. उलट, काठी घेऊन पाठलाग करतानाच माणूस सापाच्या तोंडाशी जातो. आणि ओळखण्यात चूक झाली असेल, तर ती प्राणावर बेतते.

साप दिसल्यास व चावल्यास

रुखई पालींच्या शोधात गोठ्याच्या छपरात शिरतो. त्यास वाट मोकळी ठेवावी. तो आपण होऊन निघून जातो. कोणताही साप हाताने धरू नये.

दंश झाल्यास साप ओळखण्यात वा मारण्यात वेळ दवडू नये. रोग्यास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे घातक आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. त्यांत खेड्यांतील लोकच अधिक होते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गावच्या सभेत रुखईबरोबर नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचीही चित्रे दाखवावीत. कोणापासून सावध राहावे व कोणास सोडून द्यावे, हे दोन्ही शेतकऱ्यास एकाच वेळी समजले पाहिजे.