शिनजियांगचा विकास आणि उइघुर समाज : समज आणि वस्तुस्थिती

चीनच्या वायव्य टोकाला पसरलेला शिनजियांग उइघुर स्वायत्त प्रदेश सुमारे १६ लाख ६० हजार चौरस किलोमीटरचा आहे. चीनचा हा सहावा हिस्सा असून पाच महाराष्ट्र त्यात सहज मावतील. त्याच्याविषयी दोन समज सर्वत्र पक्के बसलेले आढळतात. पहिला असा की, प्रदेश मागासलेला आहे म्हणून तेथे असंतोष आहे आणि रस्ते, रेल्वे, कारखाने पोहोचले की तो आपोआप निवळेल. दुसरा असा की, हा मुळात धर्माचा झगडा आहे. दोहोंत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते टिकून राहिले. परंतु विकास झाला की नाही यापेक्षा त्याची सूत्रे कोणाच्या हाती राहिली हा मूळ प्रश्न आहे आणि त्याला दोन्ही समज बगल देतात.

धर्माविषयीचा समज आधी तपासता येईल. चीनमध्ये हुई नावाचा दुसरा मुस्लिम समाज असून त्याची लोकसंख्या उइघुरांच्या जवळपास, म्हणजे एक कोटीहून थोडी अधिक आहे. हुई लोक चिनी भाषा बोलतात आणि देशभर विखुरलेले आहेत. उइघुरांची भाषा तुर्की कुळातील, उझबेक भाषेला जवळची असून ती अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते आणि त्यांची वस्ती मुख्यतः तारीम नदीच्या खोऱ्यातील ओअॅसिसांत, म्हणजे तकलामकान वाळवंटाच्या कडेने पाण्याच्या आधाराने वसलेल्या गावांत, एकवटलेली आहे. अलीकडच्या काळात हुई समाजाच्या धर्माचरणावरही निर्बंध आले, तरी भूमीचा, भाषेचा आणि स्वायत्ततेचा जो पेच उइघुरांच्या बाबतीत आहे, तो हुईंच्या बाबतीत तसा उभा राहिलेला नाही.

इतिहासाबाबत दोन्ही बाजूंनी सोयीचे दावे केले जातात. हा प्रदेश प्राचीन काळापासून चीनचाच आहे असे चिनी सरकार सांगते आणि त्यासाठी इसवी सनपूर्व ६० मध्ये हान राजवटीने नेमलेल्या अधिकाऱ्याचा दाखला देते. परंतु आठव्या शतकाच्या मध्यास तांग राजवटीची सत्ता येथून उठल्यावर, छिंग राजवटीने १७५९ पर्यंत हा मुलूख जिंकून घेईतो, सुमारे हजार वर्षे येथे चीनमधील कोणत्याही राजवटीचा सलग अंमल नव्हता. ‘शिनजियांग’ या नावाचा अर्थच ‘नवी सरहद्द’ असा आहे आणि त्याला प्रांताचा दर्जा मिळाला तो १८८४ मध्ये. दुसरीकडे, उइघुर हे या भूमीचे सहा हजार वर्षांपासूनचे रहिवासी आहेत हा काही उइघुर राष्ट्रवाद्यांचा दावाही टिकत नाही. सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा चिनी प्रवासी ह्युएन त्संग याच खोऱ्यातून भारतात आला होता. त्या वेळी कुचा आणि खोतान ही बौद्ध नगरे होती, तेथील भाषा निराळ्या होत्या आणि उइघुर टोळ्या अजून मंगोलियात होत्या. त्यांचे तेथील राज्य ८४० मध्ये मोडल्यावर त्यांतील काही तुर्फान परिसरात आले, तेथे शतकानुशतके बौद्ध राहिले आणि पंधराव्या शतकापर्यंत पूर्णपणे इस्लाममध्ये सामावले. पुढे हे नावही मागे पडले आणि लोक स्वतःला काशगरचे, तुर्फानचे असे गावावरून ओळखू लागले. ‘उइघुर’ हे नाव १९२१ मध्ये ताश्कंद येथे पुन्हा स्वीकारले गेले आणि १९३० च्या दशकात शिनजियांगमध्ये सरकारी नोंदीत आले. एखाद्या समाजाचे नाव आधुनिक असले म्हणून त्याची भाषा, जमीन आणि सुखदुःखे खोटी ठरत नाहीत, हे मात्र येथे आवर्जून सांगावे लागते.

आता विकासाचा समज. विकास झाला नाही असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. लोहमार्ग १९६२ मध्ये राजधानी उरुमचीला आणि १९९९ मध्ये काशगरला पोहोचला. २००० पासून ‘पश्चिम विकास’ मोहिमेखाली प्रचंड सरकारी पैसा आला. २००४ मध्ये तारीम खोऱ्यातील नैसर्गिक वायू सुमारे चार हजार किलोमीटर लांबीच्या नळातून शांघायला जाऊ लागला. जगातील कापसाचा अंदाजे पाचवा हिस्सा आज याच प्रदेशात पिकतो. पण ही कामे कोणी उभी केली आणि त्यांचा लाभ कोणत्या वाटेने गेला, हे पाहिले की चित्र पालटते. १९५४ मध्ये सैन्यातून मोकळ्या केलेल्या सैनिकांची ‘बिंगतुआन’ ही संस्था स्थापन झाली. तिला शेते, कारखाने, शहरे, शाळा, न्यायालये आणि पोलीस असे सारे काही स्वतःचे आहे, ती थेट बीजिंगला जबाबदार आहे आणि तिच्यातील बहुसंख्य लोक हान, म्हणजे चीनमधील बहुसंख्याक समाजाचे आहेत. १९५३ च्या जनगणनेत शिनजियांगमध्ये उइघुर सुमारे ७५ टक्के आणि हान सुमारे ६ ते ७ टक्के होते. २०२० मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ४५ आणि ४२ टक्के झाले.

या बदलाचा अर्थ पाण्याकडे पाहिले की नीट कळतो, कारण ओअॅसिसच्या समाजात पाणी हीच खरी सत्ता असते. तुर्फानमध्ये डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून पाणी आणणारे ‘करेझ’ नावाचे बोगदे आहेत, जे मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बांधवून घेतलेल्या नहरींच्या जातकुळीतले म्हणता येतील. ते खणणे, दर वर्षी त्यांतला गाळ उपसणे आणि पाण्याची पाळी ठरवणे हे गावाचे काम असे. तारीम नदीवर मात्र वरच्या अंगाला नवी शेते आली, धरणे बांधली गेली, आणि १९७२ मध्ये दाशिहायझी जलाशय झाल्यावर त्याखालचे तीनशे किलोमीटरहून लांब पात्र कोरडे पडले, काठावरील ‘तोघराक’ वृक्षांची वने वाळली. २००० पासून या पात्रात मुद्दाम पाणी सोडावे लागत आहे. उत्पादनाच्या आकडेवारीत ही शेते विकास म्हणून मोजली जातात. खालच्या गावाच्या दृष्टीने ती हिरावलेली पाळी असते.

नोकऱ्यांची गोष्टही अशीच आहे. मातृभाषेतून शिकून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला ‘मिन काओ मिन’ आणि चिनीतून देणाऱ्याला ‘मिन काओ हान’ म्हणत. तेल आणि बांधकाम उद्योगांची भाषा चिनी असल्यामुळे पहिल्या वर्गातील पदवीधर मागे पडत आणि काही नोकरभरतीच्या जाहिरातींत तर ठरावीक जागा हान उमेदवारांसाठीच असल्याचे छापलेले असे. २००२ पासून शिनजियांग विद्यापीठाचे अध्यापनही बव्हंशी चिनीत गेले. घड्याळसुद्धा या दुराव्यातून सुटलेले नाही. काशगर आणि बुलढाणा जवळपास एकाच रेखांशावर, ७६ अंश पूर्वेला, आहेत. पण काशगरमध्ये सूर्य माथ्यावर येतो तेव्हा बीजिंगप्रमाणे लावलेले सरकारी घड्याळ दुपारचे तीन दाखवते, म्हणून बहुतेक उइघुर कुटुंबे दोन तास मागे असलेली ‘शिनजियांग वेळ’ पाळतात आणि हान शेजारी बीजिंगची.

येथे आलेला प्रत्येक हान माणूस सत्ताधारी आहे, असा समजही चुकीचा आहे. त्यांतील कित्येक जण गरीब प्रांतांतून पोटासाठी आलेले आहेत. जून २००९ मध्ये ग्वांगडोंग प्रांतातील खेळण्यांच्या कारखान्यात दोन उइघुर कामगार मारले गेले आणि त्याच्या निषेधातून ५ जुलै रोजी उरुमचीत जो हिंसाचार उसळला त्यात सरकारी आकड्यानुसार १९७ माणसे मेली. त्यांत बहुतेक हान होती. मार्च २०१४ मध्ये नैऋत्य चीनमधील कुनमिंग रेल्वे स्थानकावर उइघुर हल्लेखोरांच्या चाकूहल्ल्यात ३१ जणांचा बळी गेला. ही हिंसा खरी होती, तिचे समर्थन होऊ शकत नाही आणि ती झाकून उइघुरांची बाजू मांडणे त्यांच्याच हिताचे नाही.

परंतु मूठभरांच्या गुन्ह्यासाठी सबंध समाजाला आरोपी ठरवले गेले. २०१७ पासून दाढी, बुरखा, परदेशातील नातेवाइकांशी संपर्क अशा कारणांवरून लोकांना छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. ही सारी पाश्चात्त्यांची बनवाबनवी आहे असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, चीनने प्रथम या छावण्या नाकारल्या, मग त्यांना ‘व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रे’ म्हटले. आणि चिनी सरकारच्याच आकडेवारीनुसार शिनजियांगचा जन्मदर २०१७ मधील दर हजारी १५.८८ वरून २०१९ मध्ये ८.१४ वर आला. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने लोकांना असे कोंडणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकतो असे नोंदवले. त्या अहवालात ‘नरसंहार’ हा शब्द नाही आणि त्यावर कायदेतज्ज्ञांत मतभेद आहेत. पण शब्दावरचा हा वाद म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. त्या अहवालावर नुसती चर्चा घेण्याचा प्रस्तावही ऑक्टोबर २०२२ मध्ये मानवाधिकार परिषदेत १७ विरुद्ध १९ मतांनी पडला आणि भारतासह ११ देश तटस्थ राहिले.

उरतो तो समज असा की, सर्व उइघुरांना फुटून निघायचे आहे. बीजिंगच्या मिनझू विद्यापीठातील अर्थशास्त्राचे अध्यापक इल्हाम तोहती यांनी बेरोजगारी, भाषा आणि स्थलांतर यांवर वर्षानुवर्षे लिहिले, हान आणि उइघुर यांच्यात संवाद घडावा म्हणून संकेतस्थळ चालवले आणि फुटीरतेला उघड विरोध केला. त्यांची मागणी १९८४ च्या प्रादेशिक स्वायत्तता कायद्याच्या अंमलबजावणीची होती. या कायद्याने प्रदेशाचा शासनप्रमुख स्थानिक समाजाचा असतो, पण खरी सत्ता कम्युनिस्ट पक्षाच्या सचिवाकडे असते आणि १९७० च्या दशकातील सैफुद्दीन अझिझी यांचा अपवाद वगळता ते पद हान अधिकाऱ्यांकडेच राहिले आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये फुटीरतेच्या आरोपाखाली तोहती यांना जन्मठेप झाली. त्यांनी ज्या कायद्याचा आधार घेतला होता, तो चीनमध्ये आजही लागू आहे.