धान्यावर उभे राहिलेले शहर

पोलंड हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेली हजारो पोलिश माणसे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रयाला होती. त्यांच्या देशाच्या उत्तर टोकाला, बाल्टिक समुद्राजवळ, ग्दान्स्क नावाचे हजार वर्षांचे बंदर आहे. जुन्या पुस्तकांत ते डान्झिग या जर्मन नावाने भेटते. चला, आज दिवसभर या शहरात पायी हिंडू या.

सकाळी सोनेरी वेशीतून आत शिरा. ही वेस १६१४ साली पुरी झाली. समोर लांबलचक पेठ, दोन्ही बाजूंना व्यापाऱ्यांची उंच, अरुंद, रंगीत घरे. पुढे नगरगृह लागते. त्याच्या लाल दालनात मान वर करून छत पाहा. १६०८ सालच्या त्या चित्रात देवाचा हात नगरगृहाचे शिखर धरून आहे, व्हिश्चुला नदीतून धान्य वाहून येत आहे आणि व्यापारी हस्तांदोलन करीत आहेत. शहराचे पोट कशावर भरत होते, हे निराळे सांगायला नको.

पेठ संपली की मोत्वावा नदी. पूल ओलांडा म्हणजे कोठारांचे बेट. सोळाव्या-सतराव्या शतकांत येथे तीनशेच्या वर कोठारे होती. प्रत्येकाला नाव असे. रात्री बेटाच्या वेशी बंद करून राखणीला कुत्री सोडीत. आतल्या मुलखातून गहू आणि राय हे धान्य सपाट होड्यांतून येई, कोठारांत साठे आणि जहाजांतून हॉलंडकडे जाई. बाहेरच्या व्यापाऱ्याला धान्य परस्पर घेण्याची मुभा नव्हती. सौदा ग्दान्स्कच्या व्यापाऱ्यामार्फतच व्हायचा. आपल्याकडच्या अडतीची आठवण झाली ना?

आणि पिकवणाऱ्याचे काय? तो सरदाराच्या जमिनीला बांधलेला कूळ. आठवड्यातून किमान एक दिवस फुकट राबण्याची सक्ती १५२० साली कायद्याने झाली. परदेशात धान्याची मागणी वाढली तशी पुढे पुष्कळ ठिकाणी ही वेठ तीन दिवसांवर आणि त्याहूनही वर गेली. म्हणजे भाव वाढला की शेतकऱ्याचे कष्ट वाढत, मिळकत नव्हे!

दुपारी पूल ओलांडून परत या आणि नदीकाठाने चाला. पंधराव्या शतकातली प्रचंड लाकडी यारी दिसेल. तिच्या मोठ्या चाकांच्या आत माणसे चालत आणि त्या जोरावर ओझे उचलले जाई. तेथून एका गल्लीने सेंट मेरीच्या विटांच्या भव्य चर्चकडे वळा. हे चर्च बांधायला १३४३ पासून १५०२ पर्यंत दीडशे वर्षांवर लागली. थोडे पुढे मोठी पिठाची गिरणी आहे. साधारण १३५० सालची ही गिरणी पाण्यावर फिरणाऱ्या अठरा चाकांनी दळत असे. ती १९४५ पर्यंत चालू होती. आता तेथे अंबरचे, म्हणजे प्राचीन झाडांच्या दगड झालेल्या डिंकाचे, संग्रहालय आहे.

तुम्ही पाहिलेली बहुतेक घरे मात्र नव्याने उभारलेली आहेत. १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्धाला येथेच तोंड फुटले आणि १९४५ साली जुने शहर जळून खाक झाले. लोकांनी जुन्या धाटणीवर ते पुन्हा बांधले.

संध्याकाळी जहाजांच्या कारखान्याच्या फाटकापाशी थांबा. तेथे तीन उंच क्रूस उभे आहेत. १९७० च्या डिसेंबरात अन्नाचे भाव वाढले म्हणून कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात माणसे मेली. त्यांचे हे स्मारक. याच फाटकाआड १९८० च्या ऑगस्टमध्ये लेक वालेसा या वीजतंत्र्याच्या पुढाकाराने संप झाला आणि ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र संघटना जन्मली. मग शेतकरीही गप्प बसले नाहीत. त्यांच्या स्वतंत्र संघटनेला मे १९८१ मध्ये मान्यता मिळाली. त्या वर्षाअखेर लष्करी कायदा आला आणि या संघटनांवर बंदी पडली. १९८९ साली ती उठली.

वाचकहो, ज्यांच्या धान्यावर हे शहर उभे राहिले, त्यांना आपल्या नावाची संघटना मिळायला शतके लागली. छतावरचे चित्र पाहताना एवढे ध्यानात ठेवा.