प्रयोगशाळेचं बिऱ्हाड

बीड जिल्ह्याला बिऱ्हाड हलवणं शिकवावं लागत नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेली घरं भांडीकुंडी, जनावरं, लेकरं घेऊन वाटेला लागतात. निघता निघता घरची बाई चूल विझली का, हे एकदा वळून बघते. याच जिल्ह्यातल्या धर्मापुरीची मुलं विज्ञान शिकायला अंबाजोगाईला, पुढे संभाजीनगरच्या विद्यापीठात जातात. तिथे कधीतरी निरोप येतो, ‘विभाग नव्या इमारतीत जातोय, सामान आवरा.’ तेव्हा हे वळून बघणं नेमकं राहून जातं. त्यामागचे काही गैरसमज असे:

गैरसमज : ट्रक आणि चार हमाल आले की दिवसात काम उरकतं.
वस्तुस्थिती : खरं काम ट्रक येण्याआधीचं. कपाटागणिक यादी करायची, काय न्यायचं, काय द्यायचं आणि काय नष्ट करायचं ते ठरवायचं. नावावर ‘ॲसिड’ आहे म्हणून सगळ्या बाटल्या एका खोक्यात भरणं घातक ठरतं. नायट्रिक ॲसिड दुसऱ्या पदार्थाच्या जळण्याला जोर देतं, तर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड स्वतःच पेट घेतं. बाटल्या फुटून ती एकत्र आली, तर आग लागू शकते. म्हणून बांधाबांध नावाच्या अक्षरावरून करू नये, रसायनाच्या स्वभावावरून करावी.

गैरसमज : जुनं रसायन निकामी झालेलं असतं, मोरीत ओतावं आणि मोकळं व्हावं.
वस्तुस्थिती : काही रसायनं जुनी होतील तशी जास्त धोकादायक होतात. ईथर हवेच्या संपर्कात राहिलं की त्यात पेरॉक्साइडं तयार होतात. अशा जुन्या बाटलीचं झाकण पिरगळणंसुद्धा स्फोटाला पुरेसं ठरू शकतं. पिक्रिक ॲसिड ओलं असेपर्यंत हाताळता येतं, सुकलं की ते स्फोटक असतं. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर बाटलीला हात लावू नये, जाणकाराला बोलवावं. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार असा कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तो अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत.

गैरसमज : वर्षानुवर्षं बंद पडलेलं यंत्र म्हणजे भंगार.
वस्तुस्थिती : दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक गॅमा विकिरण यंत्र 1985 पासून पडून होतं. 2010 च्या फेब्रुवारीत ते लिलावात गेलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं. आत कोबाल्ट-60 होतं. किरणोत्साराने एकाचा जीव गेला, कित्येकांना रुग्णालयात न्यावं लागलं. कोबाल्ट-60 चा किरणोत्सार दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. यंत्र 1970 च्या सुमाराचं, म्हणजे मूळ ताकदीचा जेमतेम दोनशेवा हिस्सा उरला होता. माणूस मारायला तेवढाही पुरला.

ब्राझीलच्या गोयानियात तर स्थलांतरच कारण ठरलं. एक किरणोपचार केंद्र दुसऱ्या जागेत गेलं आणि सीझियम-137 चं यंत्र जुन्या इमारतीत मागे राहिलं. 1987 मध्ये भंगार वेचणाऱ्यांनी ते उचललं. अंधारात निळी चमकणारी भुकटी घरोघर पोहोचली, चार जण दगावले. म्हणून असं यंत्र ‘डेड स्टॉक’मधून निर्लेखित करण्याआधी मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते.

गैरसमज : फ्रीजरच्या तळाशी पडलेले जुने नमुने केव्हाच मेलेले असतात.
वस्तुस्थिती : 2014 च्या जुलैत अमेरिकेत बेथेस्डा इथली एक सरकारी प्रयोगशाळा हलवायची तयारी चालू होती. तेव्हा शीतखोलीतल्या एका खोक्यात देवीच्या विषाणूच्या सहा कुप्या सापडल्या. त्या 1950 च्या दशकातल्या होत्या, आणि देवीचं निर्मूलन तर 1980 मध्येच जाहीर झालं होतं. तपासणीत त्यांतल्या दोन कुप्यांमधला विषाणू जिवंत निघाला. म्हणून फ्रीजर हलवण्याआधी रिकामा करून निर्जंतुक करावा. नको असलेले नमुने ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला घालून मगच जैववैद्यकीय कचऱ्यात द्यावेत.

गैरसमज : नायट्रोजन तर हवेतच असतो, त्याला काय भ्यायचं?
वस्तुस्थिती : एक लिटर द्रव नायट्रोजनची वाफ झाली की सुमारे 700 लिटर वायू होतो. बंद लिफ्टमध्ये तो प्राणवायूला हटवतो आणि कसलाच वास न येता माणूस कोसळतो. म्हणून नायट्रोजनचं भांडं लिफ्टमध्ये एकटं पाठवावं, सोबत कुणी जाऊ नये. वायूच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी घट्ट बसवावी, सिलिंडर उभा बांधावा. आडवा लोळवत नेऊ नये.

गैरसमज : सामान गेलं, चावी दिली, जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : फुटलेल्या थर्मामीटरचा पारा बेसिनखालच्या वाकड्या नळीत वर्षानुवर्षं बसून राहतो. पुढे ती नळी उघडणाऱ्या प्लंबरला किंवा भिंत खरवडणाऱ्या रंगाऱ्याला याची काहीच कल्पना नसते. म्हणून ओटे, फ्यूम हूड, नळ्या तपासून-धुवून, ‘जागा सुरक्षित आहे’ असं लेखी देऊनच खोली सोडावी. धोक्याच्या जुन्या पाट्याही मगच उतरवाव्यात, आधी नाही.

मायापुरी आणि गोयानिया, दोन्हीकडे भोगलं ते यंत्र वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनी नव्हे, पोटासाठी भंगार हाताळणाऱ्यांनी. तेव्हा विद्यार्थ्यांनो, तुमच्या विभागाचं बिऱ्हाड निघेल तेव्हा, कुठली बाटली कशाची हे ज्याला ठाऊक आहे, त्याने सगळ्यांत शेवटी बाहेर पडावं. आणि दार ओढण्याआधी एकदा वळून बघावं.