नर्मदेचं पाणी, उन्हाची वीज : इंदूर पालिकेचं गणित काय?

इंदूर : इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातील जलूदहून येतं. सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि विंध्याचा चढ पार करायला पंप लागतात, पंपांना वीज. त्यामुळे पालिकेच्या खर्चात वीजबिलाचा वाटा मोठा.

हे बिल कमी करण्यासाठी जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प ठरला. त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने 'ग्रीन बाँड' काढून २४४ कोटी रुपये उभारले. किमान १० हजार रुपये घालून सामान्य माणसालाही ते घेता आले. व्याज वार्षिक ८.२५ टक्के.

परदेशात काही शहरं दुसऱ्याच्या सौर प्रकल्पात वर्गणी भरून हिस्सा घेतात आणि तेवढी सूट बिलात मिळवतात. त्यात भांडवल दुसऱ्याचं, पण बचतही वाटली जाते. इंदूरने स्वतः कर्ज काढलं. म्हणजे बचत आपली, तशी जोखीमही आपलीच.

हिशेब सोपा आहे. २४४ कोटींवर पूर्ण वर्षाचं व्याज सुमारे २० कोटी. मुद्दल तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी चार समान हप्त्यांत फेडायचं. बचत या दोन्हींपेक्षा जास्त झाली, तरच योजना फायद्याची. शिवाय पाणी रात्रीही लागतं, ऊन मात्र दिवसाच; म्हणून नुसत्या सौर विजेवर भागणार नाही.

पाणीपट्टी भरणाऱ्यांनी पालिकेच्या अर्थसंकल्पात दरवर्षी दोनच आकडे पाहावेत : वीजबिल किती घटलं आणि रोख्यांपोटी किती गेले.