माळ्यावरचं मशीन

कविता लिहिणाऱ्या माणसाने शिवणाच्या मशीनवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आमच्या घरात वह्या-पुस्तकं यायच्या आधी मशीन आलं होतं. अम्मा त्यावर परकर, झबली, लेंगे, उशांचे अभ्रे शिवायची. ईदच्या आधीचे पंधरा दिवस आणि दिवाळीच्या आधीचा महिना रात्री उशिरापर्यंत मशीन चालू असे. आम्ही भावंडं त्या आवाजातच झोपायचो. आवाज थांबला की जाग यायची. माझ्या बी.ए.ची फी त्याच मशीनने भरली.

पुढे अम्माची नजर अधू झाली आणि मशीन माळ्यावर गेलं. अम्मा गेल्यानंतर घर आवरताना ते खाली काढलं, तर चाक जागचं हलेना. भंगारवाल्याने एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि किलोचा भाव सांगितला. मी नाही म्हणालो. नाही म्हणणं सोपं होतं, पण पुढे त्या लोखंडाचं करायचं काय? या प्रश्नातून मला जुनी मशीनं दुरुस्त करायचा छंद लागला. त्याला आता पंधराएक वर्षं झाली.

दुरुस्ती शिकायची तर आधी हे यंत्र नेमकं करतं काय, ते कळायला हवं. हाताने शिवताना एकच दोरा कापडातून आरपार जातो आणि परत येतो. मशीनची सुई कधीच पलीकडे जात नाही. तिचं भोक टोकाशी असतं. ती दोरा घेऊन कापडातून खाली उतरते आणि किंचित वर येऊ लागते. त्या क्षणी दोरा सैल पडून सुईच्या बाजूला एक छोटासा फास तयार होतो. खालच्या शटलचं अणकुचीदार टोक नेमकं त्या फासात शिरतं, त्याला बॉबीनभोवती फिरवून आणतं आणि खालचा दोरा त्यात अडकतो. मग वरची दांडी दोरा ओढून घेते आणि दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसते. तोपर्यंत खालचे दाते वर येतात, कापड पुढे सरकवतात, खाली जातात आणि मागे येतात. एक टाका झाला. साधारण चालीच्या पायमशीनवर हे सगळं मिनिटाला काही शे वेळा होतं.

हे सारं एका माणसाला सुचलेलं नाही. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने 1830 मध्ये मशीनचं पेटंट घेतलं. आपली रोजीरोटी जाणार या भीतीने इतर शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातली मशीनं फोडली. अमेरिकेत इलायस हो याने 1846 मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट मिळवलं. दात्यांची चार हालचालींची युक्ती ॲलन विल्सनची, 1850च्या दशकातली. आयझॅक सिंगरचं पेटंट 1851चं. त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने 1856च्या सुमारास मशीन हप्त्याने विकायला सुरुवात केली आणि ते सामान्य घरांत पोचलं.

गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते, असं आपण सरसकट म्हणतो. पण 1924 मध्ये त्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले. इतिहास जरा वेगळं सांगतो. सिंगर नाटकात कामं करणारा आणि यंत्रांची खटपट करणारा माणूस. बोस्टनमधल्या एका कारखान्यात दुसऱ्याच कुणाची शिवणयंत्रं दुरुस्तीला येत. त्यातले दोष पाहून त्याला सुधारणा सुचली. म्हणजे ते मशीनसुद्धा दुरुस्तीतूनच जन्मलं! मला ही गोष्टही तितकीच आवडते.

तुमच्या घरी जुनं सिंगर असेल तर त्याच्या पाटावर उजवीकडे ठोकलेला नंबर पाहा. अक्षरांवरून कारखाना आणि काळ कळतो. अम्माच्या मशीनची दोन अक्षरं इंग्रजी 'ई'ने सुरू होतात. ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची, 1935 नंतरची. 1885 मध्ये सुरू झालेला तो प्रचंड कारखाना 1980 मध्ये बंद पडला. पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर'च आहे. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 1930च्या दशकात 'उषा' मशीन आणलं आणि पुढे लुधियानात मशीनचे आणि सुट्या भागांचे कित्येक कारखाने उभे राहिले. त्यामुळे एक फार मोठी सोय झाली. सिंगरच्या पंधरा नंबरच्या मॉडेलवर बेतलेली असंख्य मशीनं देशात आहेत. त्यांची सुई, बॉबीन, बॉबीन केस आजही मिरज-सांगलीच्या बाजारात थोडक्या पैशांत मिळते.

आता अम्माच्या मशीनचं काय झालं ते सांगतो. बाजारात एक वयस्कर मिस्त्री होते. मी मशीन रिक्षात घालून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तेलाच्या भोकात काडी घातली, बाहेर काढली, वास घेतला आणि म्हणाले, "बेटा, हे गंजलेलं नाही. याला खोबरेल पाजलंय."

जाम झालेल्या दहा मशीनांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं. घरात हाताशी असेल ते तेल आपण घालतो, खोबरेल नाहीतर गोडं तेल. खोबरेल थंडीत गोठतं, हे बाटलीत आपण पाहतोच. खाण्याचं कुठलंही तेल हवेत राहून हळूहळू चिकट होतं, त्यात धूळ आणि कापडाची लव मिसळते आणि सांध्यांत लाखेसारखा थर बसतो. मशीनला खनिज तेलच हवं, ते शिवणयंत्राचं पातळ, पांढरं तेल.

उपाय सोपा, पण वेळ खाणारा. प्रत्येक भोकात आणि सांध्यात रॉकेलचे थेंब सोडायचे. हल्ली रॉकेल मिळत नाही, तर हार्डवेअरच्या दुकानातला गंज सोडवणारा स्प्रे चालतो. खिडकी उघडी ठेवायची, आसपास विस्तव नको आणि रंगावर ओघळ येऊ द्यायचा नाही. रात्रभर थांबायचं, चाक हलकेच मागेपुढे करून पाहायचं, पुन्हा थेंब. जोर करायचा नाही. स्क्रू हलत नसेल तर खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरायचा; बारीक पात्याने खाच उडते आणि मग तो स्क्रू कायमचा हट्टी होतो. काढलेला प्रत्येक भाग काढलेल्या क्रमाने फडक्यावर मांडायचा. आता मोबाईल आहे, फोटो काढून ठेवावेत. अम्माच्या मशीनचं चाक चौथ्या दिवशी फिरलं. मग सगळा काळा चिकटा पुसून नवं तेल घातलं.

मशीन फिरलं म्हणजे शिवेलच असं नाही. तेव्हा नेहमीच्या तक्रारींची ही उजळणी.

टाके सुटतात? पहिला संशय सुईवर. सुई वाकलेली, बोथट किंवा उलटी असते. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. ज्या बाजूने दोरा ओवायचा, त्या बाजूला ही खाच हवी. बुडख्याची चपटी बाजू तिच्या विरुद्ध. साध्या सुती कापडाला चौदा नंबर, जाड कापडाला सोळा. लोक थेट मशीनचं टायमिंग बिघडलं असं म्हणतात; पण कुणी छेडछाड केली नसेल तर ते सहसा बिघडत नाही. आधी सुई बदला.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो? आपण खालची बॉबीन तपासतो, पण दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा ताण कमी पडला की दोरा खाली गोळा होतो. दोरा ओवताना दाब देणारा पाय वर उचललेला हवा, म्हणजे ताणाच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मधोमध बसतो. त्या चकत्यांत जुन्या दोऱ्याचा तुकडा अडकला असला तरी ताण बसत नाही. उलट, खालचा दोरा कापडाच्या वर दिसू लागला तर वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबीन केसचा कमी. भरलेली बॉबीन केसमध्ये घालून दोऱ्याने लटकवून पाहा. ती आपोआप घसरू नये. हलका झटका दिला की थोडीशी उतरावी.

कापड पुढे सरकत नाही? सुईखालची पट्टी काढा. दात्यांच्या फटींत वर्षानुवर्षांची लव नमद्यासारखी घट्ट बसलेली असते. टाचणीने उकरा. पाय मारूनही चाक फिरत नाही? चामड्याचा पट्टा सैल झाला असेल, थोडा कापून पुन्हा पिन मारा. आणि सफाईनंतर बॉबीन भरताना सुईही हलत राहिली, तर चाकाच्या पुढची तीन कानांची वॉशर उलटी बसली आहे. ती अर्धा वळसा फिरवून बसवा. हे मला कळायला दोन दिवस गेले होते.

आता माझी मोठी चूक. अम्माच्या मशीनवर सोनेरी वेलबुट्टी होती. धुळीखाली ती मंद दिसत होती, म्हणून मी कापसावर स्पिरिट घेऊन चोळलं. क्षणात काळा रंग पांढरट झाला आणि कापूस सोनेरी! अनेक जुन्या मशीनांच्या नक्षीवर लाखेच्या व्हार्निशचा पातळ थर असतो आणि स्पिरिट लाख विरघळवतं. अम्माने कित्येक वर्षं वापरून जी नक्षी राखली, ती मी मिनिटभरात घालवली. सिंगर या नावाचं शेवटचं अक्षरही गेलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "मशीनचंच तेल फडक्यावर घेऊन पुसायचं, बस्स."

याहून मोठी चूक मी 2019 साली केली. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. पूर ओसरल्यावर ओळखीतून एका ताईंचं मशीन माझ्याकडे आलं. कित्येक दिवस पाण्याखाली होतं. पुरातल्या मशीनला आधी तेल घालायचं नसतं. गाळ म्हणजे बारीक वाळू. तेलात मिसळली की सांधे झिजवते. म्हणून आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, उन्हात आणि वाऱ्यावर पूर्ण वाळवायचं, मग रॉकेल आणि शेवटी तेल. मोटर असेल तर ती जाणकाराने तपासल्याशिवाय लावायची नाही. फळी फुगली होती, ती सुताराकडून बदलून घेतली. ओतीव लोखंडाने मात्र पूर सोसला. आठवड्यात मशीन सरळ, सुरेख टाका घालू लागलं.

ते त्याच दिवशी पोचवायला हवं होतं. पण माझ्यातल्या छांदिष्टाला चाकावरचे गंजाचे डाग खटकत होते. मी ते घासत बसलो, मग पायाच्या लोखंडी जाळीला काळा रंग दिला, मग दुसरा हात. असे तीन आठवडे गेले. दसरा जवळ आला, तेव्हा ताई स्वतः आल्या. मी मोठ्या हौसेने चकाकणारं चाक दाखवलं. त्यांनी खाली बसून एक चिंधी शिवून पाहिली आणि विचारलं, "दादा, हे कधीपासून चालतंय?" मी खरं ते सांगितलं. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "दसऱ्याचे ब्लाउज सगळे दुसरीकडे गेले. मला चमकायला नको होतं, चालायला हवं होतं."

मला काही बोलता आलं नाही. ज्या घराची फी मशीनने भरली, त्या घरातल्या मुलाला हे समजायला नको होतं का? रिकामं मशीन म्हणजे घरातली रिकामी चूल, हे मी लहानपणी पाहिलं होतं. छंदाच्या नादात विसरलो. मशीन मी त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून पोचवलं. पण गेलेल्या ऑर्डरी काही मला पोचवता आल्या नाहीत.

तेव्हापासून एक नियम पाळतो. ज्याच्यावर कुणाचं पोट आहे ते मशीन आधी, आणि ते चालू झालं की त्याच दिवशी परत. चकाकी, नक्षी, रंग हे लाड शोभेच्या आणि माझ्या स्वतःच्या मशीनांसाठी. तुमच्याही माळ्यावर एखादं मशीन पडलं असेल तर भंगारात देण्यापूर्वी चार थेंब तेल आणि नवी सुई एवढी संधी त्याला द्या. आणि तुम्ही वापरणार नसाल, तर ते वापरणारं कुणी ना कुणी गल्लीत नक्की असतं.

अम्माच्या मशीनवर नवी नक्षी चिकटवता येते, तशा पट्ट्या मिळतात. मी लावल्या नाहीत. पाटावर डाव्या बाजूला एक जागा आहे, तिथे कापड धरलेला अम्माचा हात टेकायचा. तिथला रंग झिजून लोखंड दिसतं. ती जागा मी फक्त तेलाच्या फडक्याने पुसतो. हल्ली माझी मुलगी त्यावर कापडी पिशव्या शिवते. परवा दुपारी मी शेजारच्या खोलीत आडवा झालो होतो. मशीनचा आवाज थांबला आणि मला एकदम जाग आली. उठून पाहिलं, काही बिघडलं नव्हतं. बॉबीन संपली होती.